मोठा आवाज, स्वच्छ आवाज

या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या हाउसच्या टेबलावर एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड, काडेपेटीपेक्षा लहान माइक आणि एक लॅपटॉप एवढंच होतं. पालक विचारायचे, "हे काय करतं?" आम्ही सांगायचो, "स्क्वॉडच्या टाचा एकदम पडतात की मागेपुढे, ते हे मोजतं." पालक मान डोलवायचे आणि पुढच्या टेबलावर जायचे. त्या टेबलामागे आठवडाभर काय घडलं, ते आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मराठी पानासाठी काहीतरी लिही असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तेच लिहायचं मी ठरवलं.

कल्पना ड्रिलच्या मैदानावर सुचली. आमचे ड्रिल उस्ताद 'थम' झाल्यावर स्क्वॉडकडे बघत नाहीत. ते पाठ करून उभे राहतात आणि ऐकतात. सत्तावीस जणांच्या टाचा पडल्या तरी आवाज एकच आला पाहिजे. एखादी टाच उशिरा पडली की ते न वळता म्हणतात, "एक लेट." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. मी दहावीत आहे आणि आमच्या हाउसच्या ज्युनिअर स्क्वॉडचा कमांडर आहे. मला वाटलं, उस्तादांचा कान जे करतो ते यंत्राला करता येईल का? 'तेज चल'मध्ये मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. पहिली टाच पडल्यापासून शेवटची पडेपर्यंत किती वेळ गेला, तो मिलिसेकंदात मोजायचा. बस, एवढंच.

लॅबमध्ये एक नवीन इव्हॅल्युएशन बोर्ड आला होता. चिप बनवणाऱ्या कंपन्या असे बोर्ड काढतात. त्यावर चिप बसवलेली असते, तिच्या पायांना वायर जोडायची सोय असते आणि यूएसबीने प्रोग्रॅम टाकता येतो. चिप आपल्या कामाची आहे की नाही, हे स्वतःचं सर्किट बनवण्याआधीच कळावं म्हणून हा बोर्ड. त्याआधी आम्ही सगळे आर्डुइनो उनो वापरून शिकलो होतो. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि अॅनालॉग इनपुटवर आलेला व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यांत सांगतो. नवा बोर्ड ० ते ४०९५ सांगतो, म्हणजे मोजपट्टी चौपट बारीक. मला तेवढंच दिसलं. पण हा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे, ४०९५ म्हणजे ३.३ व्होल्ट आणि त्यावर त्याला काही दिसत नाही, ही गोष्ट मी वाचली होती आणि सोडून दिली होती.

माझ्या मदतीला आठवीतला एक ज्युनिअर होता. तो मणिपूरचा आहे. हिंदी अजून सावकाश बोलतो आणि आवाज इतका हळू, की मेसमध्ये त्याने भाजी मागितली तर वाढणाऱ्या भैयांना दोनदा विचारावं लागतं. पण त्याचा हात फार स्वच्छ आहे. ब्रेडबोर्डवरच्या त्याच्या वायरी वहीतल्या समासासारख्या सरळ असतात.

माइकमधून येणारा सिग्नल अगदी लहान असतो, काही मिलिव्होल्टचा. म्हणून माइकबरोबर एक छोटा अॅम्प्लिफायर असलेलं मॉड्यूल आम्ही घेतलं. आवाज म्हणजे हवेचा दाब वर-खाली होणं, त्यामुळे सिग्नलही वर आणि खाली जातो. बोर्डाला मात्र शून्याखालचा व्होल्टेज वाचता येत नाही. म्हणून हे मॉड्यूल शांततेची पातळी स्वतःच्या सप्लायच्या बरोबर निम्म्यावर ठेवतं. आवाज आला की सिग्नल तिथून वर-खाली हलतो. झोपाळा अंगणाच्या मधोमध बांधला तर दोन्हीकडे जागा मिळते, तसं.

मी म्हणालो, "मॉड्यूलला ५ व्होल्ट दे." उनोवर मी नेहमी ५ द्यायचो. बोर्डावर ३.३ आणि ५ व्होल्टचे पाय शेजारीशेजारीच असतात. त्याने ५ व्होल्टला वायर लावली.

लॅपटॉपवर आकडे आले. लॅबमध्ये कुणी बोलत नव्हतं, तेव्हा आकडा ३१००च्या आसपास होता. मी पाय आपटला, आकडा ४०९५ला गेला. मी खूश झालो. ज्युनिअर स्क्रीनकडे बघत होता. तो काहीतरी म्हणाला. (आमचं बोलणं हिंदीत चालतं, इथे मराठीत लिहितो.)

"काय?"

"भैया, शांत असताना निम्म्यावर यायला नको का? दोन हजार अठ्ठेचाळीसच्या जवळ?"

"प्रोग्रॅममध्ये बघतो. तू वायर धर."

बघितलं मात्र नाही. पुढचे तीन दिवस संध्याकाळच्या प्रेपमध्ये मी प्रोग्रॅमच्या मागे लागलो, पण वेगळ्याच कारणासाठी. टाचांचा आलेख काढला की त्याचं वरचं टोक पाटासारखं सपाट यायचं. खालची बाजू नीट टोकदार, वरची मात्र छाटलेली. सपाट भागात पहिली टाच कुठली आणि शेवटची कुठली, हे ओळखता येत नव्हतं. मी सेकंदाला दहा हजार वेळा वाचन घेऊन पाहिलं, सरासरी काढून पाहिली, अख्खा प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहिला. त्यात एकदा ज्युनिअर पुन्हा म्हणाला, "भैया, मीटर लावून बघू?" मी मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "आधी प्रोग्रॅम!" लॅबमधली बाकीची मुलं वळून बघायला लागली. त्यानंतर तो काही बोलला नाही.

शनिवारी संध्याकाळी मी मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवून अॅम्प्लिफायर पूर्ण वाढवला आणि माइकजवळ जोरात टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने आकडा हलायचा बंद झाला. आवाज करा, करू नका, माइकची वायर काढा, आकडा तोच. तो पाय मेला होता.

फिजिक्सचे सर आले. त्यांनी बोर्ड हातात घेतला आणि विचारलं, "वायरी कुणी जोडल्या?"

मी म्हणालो, "याने, सर."

हे खोटं नव्हतं. वायरी त्यानेच जोडल्या होत्या. कुणाच्या सांगण्यावरून, ते मी सांगितलं नाही. सरांनी त्याच्याकडे बघितलं. तो सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "यस सर." सर म्हणाले की लॅबमध्ये असा एकच बोर्ड आहे, आणि प्रदर्शनाच्या टीममधून त्याचं नाव काढा. त्याने "यस सर" म्हणून वही उचलली आणि गेला.

रविवारी घरी फोन करायची माझी पाळी असते. दहा मिनिटं मिळतात. माझे पप्पा सिग्नल्समध्ये हवालदार होते. जबलपूरला ट्रेनिंग झालं, पुढे बरीच वर्षं रेडिओ ऑपरेटर. आता ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असतात, रानात आलं लावलंय. १९११ साली उभ्या राहिलेल्या या कोअरचं ब्रीदवाक्य आहे 'तीव्र चौकस', आणि ते आमच्या घराच्या दारावरच्या पाटीवर अजून आहे. आईशी बोलून झालं आणि पप्पा आले. मी त्यांना बोर्ड बिघडल्याचं सांगितलं. कसा बिघडला ते सांगितलं नाही.

"शांत असताना किती दाखवत होतं?"

"एकतीसशे."

"आन् दाखवायला किती पायजे?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस."

"मग लेका, शांत असतानाच ते शांत न्हवतं की. ह्ये आधी कुणीच बघितलं न्हाई?"

मी गप्प झालो. एकाने बघितलं होतं.

पप्पांना वाटलं लाइन गेली. ते "हॅलो, हॅलो" म्हणाले, मग स्वतःच बोलत राहिले. त्यांनी सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. रेडिओवर दुसऱ्या स्टेशनला विचारतात, माझा आवाज कसा येतोय? त्याचं उत्तर दोन भागांत द्यायचं असतं. आवाज किती मोठा आहे हा एक भाग, आणि कळतो किती हा दुसरा. 'लाउड अँड क्लिअर' हे लोक एका दमात म्हणतात, त्यामुळे ती एकच गोष्ट वाटते. पण आवाज मोठा असून फाटलेला असू शकतो, आणि बारीक असून शब्द न् शब्द कळू शकतो. "नवीन पोरगं घाबरलं की सेट तोंडात घालून वराडतं," पप्पा म्हणाले. "त्याला वाटतं, जोरात बोललं की पोचलं. पल्याडच्याला नुसती खरखर. आम्ही त्याला सांगायचो, सेट जरा लांब धर आन् नीट बोल." मग म्हणाले, "आधी मीटर लाव. जिथनं सिग्नल निघतो तिथनं सुरू कर, एकेक टप्पा बघत पुढं ये. एका टायमाला एकच गोष्ट बदल." तेवढ्यात घंटा झाली.

सोमवारी मी मीटर घेतलं. खरं सांगायचं तर मीटरने काहीतरी वेगळंच सांगावं, असं मला वाटत होतं. मॉड्यूलच्या सप्लायवर ५ व्होल्ट. शांत लॅबमध्ये मॉड्यूलच्या आउटपुटवर २.५. मी कागदावर गणित केलं. ३.३ व्होल्टला ४०९५, तर २.५ व्होल्टला सुमारे ३१००. प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. झोपाळा अंगणाच्या मधोमध नव्हता, तो भिंतीजवळ बांधला होता. खाली जायला अडीच व्होल्टची जागा आणि वर फक्त पाऊण व्होल्टची. म्हणून वरचंच टोक छाटलं जात होतं. आणि टाळ्या वाजवल्या तेव्हा मॉड्यूल ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकत होतं, तर बोर्डाचा तो पाय ३.३चा. बोर्डाच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादेचा तक्ता असतो. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला.

यात आणखी एक गोष्ट कळली. छाटलेलं टोक प्रोग्रॅमला परत आणता येत नाही. आकडा ४०९५ला टेकला की त्यावर खरा सिग्नल थोडा होता की खूप, ते कायमचं हरवतं. मी तीन दिवस जे शोधत होतो ते लॅपटॉपपर्यंत पोचलंच नव्हतं.

कागद घेऊन मी सरांकडे गेलो. "सर, वायर त्याने जोडली, पण पाच व्होल्टला जोड असं मी सांगितलं होतं. आकडा चुकतोय हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सर बराच वेळ कागद बघत राहिले. मला वाटलं कमांडरपद जाणार. ते म्हणाले, "हे शनिवारी का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी लॅबची बिघाडांची नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि काय बिघडलं, कुणामुळे, ते माझ्या हाताने लिहायला लावलं. मग म्हणाले, "त्याला परत घेऊन ये. मी नाही बोलावणार, तू बोलव."

तो हाउसमध्ये बूट पॉलिश करत होता. मी त्याच्या पलंगाशी उभा राहिलो. मैदानावर तीन हाउसना ऐकू जाईल असा माझा आवाज आहे, पण त्या वेळी तो निघेना. कसंबसं म्हणालो, "चूक माझी होती. मी सरांना सांगितलं. सॉरी." त्याने ब्रश खाली ठेवला. विचारलं, "शांत असताना किती आलं, भैया?" मी म्हणालो, "अडीच व्होल्ट." तो हसला. म्हणाला, "मला तसंच वाटलं होतं."

प्रदर्शन शुक्रवारी होतं. बोर्डाचा एक पाय मेला होता, पण तपासल्यावर शेजारचा जिवंत निघाला. या वेळी मॉड्यूलला ३.३ व्होल्ट दिले. शांत असताना आकडा २०५०च्या आसपास आला, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मैदानावर गेलो. अॅम्प्लिफायर अजून पूर्ण वाढवलेला होता, त्यामुळे टाचांची दोन्ही टोकं छाटली गेली, पण आता सारखी. मी स्क्रू पार उलटा फिरवला. आता छाटणी गेली, पण वारा आणि टाचा यांतला फरक कळेना. सिग्नल इतका बारीक झाला की इतर गोंगाटात बुडाला. त्याने स्क्रू थोडाथोडा फिरवत अशी जागा शोधली की सगळ्यात जोरदार 'थम'ही ६००च्या खाली आणि ३५००च्या वर जाऊ नये. दोन्ही बाजूंना थोडी जागा राखलेली.

माइक कुठे ठेवायचा, हेही त्यानेच सुचवलं. मी तो स्क्वॉडच्या बाजूला ठेवला होता. तो म्हणाला, "भैया, लांबच्या टाचेचा आवाज उशिरा येईल ना?" आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. रांग आठ मीटर लांब असेल, तर सगळ्या टाचा एकदम पडल्या तरी यंत्र म्हणेल की पलीकडचा वीसहून अधिक मिलिसेकंद लेट आहे. बिचाऱ्याची काही चूक नसताना. म्हणून माइक रांगेच्या मध्यासमोर दहा मीटर पुढे नेला. तिथून टोकाचा माणूस मधल्या माणसापेक्षा एक मीटरनेही जास्त लांब राहत नाही.

पहिल्या चाचणीत एक विचित्र गोष्ट दिसली. टाचांचा आलेख नीट होता, पण त्याच्याआधी एक मोठा सपाट ठोकळा होता. वर ४०९५, खाली ०. तो माझा हुकूम होता. मी माइकपासून दोन मीटरवर उभा राहून "थम" ओरडलो होतो. उस्ताद मागे येऊन स्क्रीन बघत होते. मला ते नेहमी म्हणतात, "चिल्लाओ मत, आवाज़ पेट से दो." त्या दिवशी काही बोलले नाहीत, नुसतं त्या ठोकळ्यावर बोट ठेवलं.

आमच्या स्क्वॉडच्या टाचा पहिल्या दिवशी ९० मिलिसेकंदांत पसरलेल्या होत्या. शुक्रवारपर्यंत त्या ५५वर आल्या. यात यंत्राचा हात किती आणि मी हुकूम जरा स्वच्छ द्यायला लागलो त्याचा किती, हे मला मोजता आलेलं नाही. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पण सोमवारी उस्ताद म्हणाले, "वो मशीन ग्राउंड पे लाना."

प्रदर्शनात माहिती सांगायचं काम मी त्याला दिलं. तो हळूच बोलत होता. पालक टेबलाजवळ वाकून ऐकत होते, आणि त्यांना सगळं समजत होतं.

पुढच्या वर्षी हा बोर्ड ज्यांच्या हातात पडेल, त्यांच्यासाठी आम्ही डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. मजकूर असा :

१. वायर लावण्याआधी बोर्ड किती व्होल्टचा आहे ते वाचा. हा ३.३चा आहे.

२. आधी शांततेचा आकडा बघा. तो मधोमध नसेल, तर पुढचं सगळं चुकणार.

३. टोक सपाट दिसलं तर प्रोग्रॅम बदलू नका, सिग्नल कमी करा. सिग्नल गोंगाटात बुडाला तर वाढवा.

४. कुणी काही म्हणालं तर "काय?" असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

पहिले तीन नियम मी लिहिले. चौथा त्याने लिहिला. मी तो खोडला नाही.

— कॅडेट, इयत्ता दहावी